चौदा सह्यांचं पत्र

सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधणं हे माझं पोटापाण्याचं काम. दुसऱ्यानं लिहिलेला प्रोग्रॅम समोर घ्यायचा, तो कुठे कोलमडतो ते बघायचं आणि सभ्य इंग्रजीत त्याला कळवायचं की बाबा रे, तू इथे माती खाल्ली आहेस. मेलबर्नच्या एका बँकेत मी हे बरीच वर्षं केलं आणि चांगलं केलं. आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे सांगणार आहे त्यात माती मी खाल्ली, आणि ती मला दाखवून द्यायला इमिग्रेशनचा एक अधिकारी लागला.

मेलबर्नच्या ग्लेन वेव्हर्ली उपनगरात आम्ही घर घेतलं ते मुलीच्या शाळेसाठी. आमच्या मराठी ग्रुपातली निम्मी घरं त्याच शाळेच्या हद्दीत होती, उरलेली शहराच्या दुसऱ्या टोकाला, पार पॉइंट कुकपर्यंत पसरलेली. एकूण चौदा कुटुंबं, सगळी पुण्या-मुंबईची, सगळी स्किल्ड व्हिसावर आलेली. व्हिसासाठी आपल्याला किती पॉइंट्स मिळाले होते हे प्रत्येकाला दहावीच्या मार्कांसारखं पाठ होतं, आणि कुणी विचारलं नाही तरी तो ते सांगायचा. महिन्यातल्या एका शनिवारी दुपारी कुणाच्या तरी घरी सगळे जमायचे. जेवणं व्हायची, मुलं वरच्या खोलीत गेम्स खेळायची आणि मोठी माणसं खाली सोफ्यावर बसून देश चालवायची. कुठलाही देश चालायचा.

त्यातले मुख्य देशचालक म्हणजे आमचे डॉक्टर. ते भूल देणारे डॉक्टर होते आणि ऑपरेशन थिएटरच्या बाहेरही त्यांचं बोलणं ऐकून दोघंतिघं पेंगायला लागायचे. त्यांचा धाकटा भाऊ न्यू जर्सीत ग्रीन कार्डची वाट बघत बसला होता, त्यामुळे अमेरिकेची सरहद्द ही त्यांची घरगुती बाब झाली होती.

"कुंपण कसलं घालताय? भिंत बांधा," ते म्हणायचे. "माझा भाऊ रांगेत उभा आहे. एमएस केलंय, टॅक्स भरतोय. आणि हे लोक उड्या मारून आत. बॉर्डर सांभाळता येत नसेल तर कंट्री कसली?"

ज्या मतदारांच्या जोरावर ती भिंत उभी राहणार होती, त्याच मतदारांना त्यांचा भाऊही नकोच होता. पण हे त्यांना कोण सांगणार? सगळे माना डोलवायचे. अमेरिका मार्गी लागली की गाडी ऑस्ट्रेलियावर यायची. इथे आधी होड्यांतून येणारे निर्वासित. त्यांना समुद्रातूनच परत पाठवायचं, यावर आमच्यात कधी मतभेद झाला नाही. टीव्हीवर विमानतळावरच्या झडतीचा एक कार्यक्रम लागायचा, तो आम्ही मिटक्या मारत बघायचो. एखाद्या व्हिएतनामी आजीबाईची बॅग उघडून आतून सुकी मासळी निघाली की हशा पिकायचा. आमच्यापैकी प्रत्येकाच्या आईनं मेतकुटाची आणि गोड्या मसाल्याची पिशवी साड्यांच्या घडीत लपवून आणलेली होती. ती खातच आम्ही हसायचो.

आणि मग स्टुडंट्स. ते स्टुडंट बूमचे दिवस होते. शेजारच्या क्लेटनला स्टेशनवर उतरलं की पंजाबी, तेलुगू, गुजराती, मराठी असं सगळं एका दमात कानावर पडायचं. शहरात दुकानांच्या वरच्या मजल्यांवर कॉलेजं निघाली होती, कुणी स्वयंपाक शिकवत होतं, कुणी केस कापायला. देशाला आचारी हवेत, न्हावी हवेत, अशी यादी सरकारनंच काढली होती. त्या यादीवर विश्वास ठेवून मुलं आली. आली तर सरकार असं दचकलं की जसं काही दार वाऱ्यानंच उघडलं होतं.

"यांनी आपलं नाव घालवलं," डॉक्टरांची बायको म्हणायची. तिला आम्ही सगळे वहिनी म्हणायचो. "पूर्वी इंडियन म्हटलं की डॉक्टर नाहीतर इंजिनिअर. आता ऑफिसात विचारतात, तू पण टॅक्सी चालवायचीस का म्हणून."

"एकेकाला डॉब इन करायला पाहिजे," पॉइंट कुकचा एक इंजिनिअर म्हणायचा. डॉब इन करणं म्हणजे इथल्या भाषेत चुगली करून पकडून देणं. "इमिग्रेशनची फोन लाइन आहे त्यासाठी. आपलं नावही सांगावं लागत नाही, मेट."

मी काय बोलायचे? काही नाही. मी कोशिंबीर वाढायचे. मनातून मात्र मला या सगळ्यांची शिसारी यायची, आणि ती येते म्हणजे आपण यांच्यातल्या नाही, असं मी धरून चालले होते. माणूस स्वतःला किती स्वस्तात सोडवतो बघा.

आता गंमत अशी, की हे सगळं चाललेलं असताना आत स्वयंपाकघरात कणीक मळत कोण असायची? एक स्टुडंटच.

ती जळगावकडची होती. वडील एसटीत कंडक्टर. शहरातल्या एका खाजगी कॉलेजात ती कुकरीचा कोर्स करत होती आणि क्लेटनला एका घरात पाच मुलींबरोबर राहत होती. सकाळी एका बेकरीत काम करायची. स्टुडंट व्हिसावर आठवड्याला वीस तासच काम करता येतं, तेवढं ती तिथे करायची, रीतसर पगाराच्या पावत्या घेऊन. आमच्या ग्रुपात ती कशी आली? मीच आणली. क्लेटनच्या इंडियन दुकानात ती चण्याची डाळ कुठली चांगली यावर दुकानदाराशी हुज्जत घालत होती. मला तिची हुज्जत आवडली. होळीला माझ्याकडे पुरणपोळ्या करशील का, असं विचारलं, तर म्हणाली, "करेन की ताई. पण आमच्याकडच्या करेन, खापरावरच्या. तुमच्या पुण्याच्या नाही."

मेलबर्नमध्ये खापर कुठून आणणार? तिनं माझ्या मागच्या अंगणातल्या बार्बेक्यूवर लोखंडी कढई उलटी घातली आणि पोळी दोन्ही हातांच्या कोपरांपर्यंत झेलत, वाढवत, पातळ करत त्यावर टाकली. चौदा कुटुंबं हातातल्या प्लेट विसरून बघत राहिली. फोटो काढले गेले. त्या दिवसापासून ती आमची झाली. म्हणजे नेमकं काय झालं, तर तिचा मोबाइल नंबर चौदा घरांत गेला.

कुणाकडे पोळ्या, कुणाकडे डोहाळजेवण, कुणाचे सासू-सासरे आले की महिनाभर दुपारचा स्वयंपाक. वहिनींच्या मुलांना शाळेतून आणणं. माझ्याकडे गुरुवारी भाज्या आणि शनिवारी सकाळी सगळं घर आवरणं. आम्ही तिच्या हातात काहीतरी ठेवायचो आणि निघताना उरलेलं जेवण डब्यात भरून द्यायचो. डबा देताना आम्हाला फार बरं वाटायचं. "ती त्या बाकीच्या स्टुडंट्ससारखी नाही," असं आम्ही एकमेकींना सांगायचो. सगळे स्टुडंट्स वाईट आणि आपल्या घरी राबणारी तेवढी चांगली, हा हिशेब प्रत्येक घरात बरोबर जुळत होता.

मग तिचं कॉलेज बंद पडलं. एका सकाळी ती गेली तर दाराला कुलूप आणि काचेवर चिठ्ठी. दुसरं कॉलेज मिळेपर्यंत दीड-दोन महिने गेले, आणि तेवढ्यात इमिग्रेशनचं पत्र आलं. तू मधले आठवडे शिकत नव्हतीस, तेव्हा तुझा व्हिसा रद्द का करू नये, याचं उत्तर दे. तिची शेवटची टर्म राहिली होती. व्हिसा गेला असता तर कोर्स अर्धवट, आणि पुढची तीन वर्षं या देशात पाऊल टाकता आलं नसतं.

ते पत्र घेऊन ती माझ्याकडे आली. रडली वगैरे नाही. म्हणाली, "ताई, नवीन कॉलेजचं पत्र आहे माझ्याकडे. जुन्याचं कुलूप लावल्याचा फोटो आहे. एवढं पाठवू ना?"

एवढंच पाठवायचं होतं. कुठल्याही गोऱ्या वकिलानं, कुठल्याही शहाण्या माणसानं सांगितलं असतं, एवढंच पाठव. पण आम्ही पडलो मराठी सुशिक्षित. आपल्याकडे शाळेत प्रवेश घ्यायचा तर वर्तणुकीचा दाखला, घर भाड्यानं घ्यायचं तर कुणा मोठ्या माणसाची चिठ्ठी. सरकारपुढे जायचं आणि वजनदार लोकांचं पत्र न्यायचं नाही, हे मला पटेचना.

"थांब," मी म्हटलं. "आम्ही सगळे मिळून पत्र देतो. डॉक्टर आहेत, इंजिनिअर आहेत, युनिव्हर्सिटीतले प्रोफेसर आहेत. सिटिझन्स आहोत आम्ही. आमच्या शब्दाला किंमत आहे."

पत्र मी लिहिलं. माझं इंग्रजी चांगलं, असा ग्रुपात लौकिक होता आणि तो मला मनापासून मान्य होता. मुलगी कशी कष्टाळू आहे हे लिहिताना माझी लेखणी सैल सुटली. गेली दोन वर्षं ती आमच्या समाजाचा आधार आहे. सकाळपासून संध्याकाळपर्यंत राबते, कधी नाही म्हणत नाही. आणि आम्ही तिला फुकट राबवतो असं कुणाला वाटू नये म्हणून माझ्याच अकलेनं एक वाक्य जोडलं, की प्रत्येक कुटुंबानं तिला तिच्या कामाचा मोबदला नेहमी वेळेवर दिला आहे.

सह्या घ्यायला त्या महिन्याचं जेवण बरं पडलं. ते डॉक्टरांकडे होतं. मागच्या अंगणात ती उलट्या कढईवर पोळ्या करत होती आणि आत डायनिंग टेबलवर तिचं पत्र फिरत होतं.

वहिनींनी वाचलं आणि त्यांचा चेहरा पडला. "यात आमचं काहीच नाहीये गं. नुसती सही? आम्ही तिच्यासाठी किती केलंय. सोमवार ते बुधवार रोज आमच्याकडे असते, मुलांना आणते, मग डिनर करते. ते घाल ना."

घातलं. लगेच पॉइंट कुकच्या इंजिनिअरला जाग आली. आई-बाबा आले तेव्हा महिनाभर ती रोज दुपारी आमच्याकडे यायची, तेही घाल. युनीतल्या प्रोफेसरांनी, आम्ही तिला प्रत्येक सणाला बोलावतो, असं घालायला लावलं. बोलावतो म्हणजे स्वयंपाकाला. प्रत्येकाला त्या कागदावर आपला दिवस, आपलं औदार्य आणि आपलं नाव हवं होतं. मी लॅपटॉप मांडीवर घेऊन टाइप करत होते आणि एकदाही माझ्या डोक्यात बेरीज आली नाही. दिवसभर दुसऱ्यांचे आकडे तपासणारी बाई मी. ती झोपायची कधी, हा प्रश्न आमच्यापैकी एकालाही पडला नाही. तो पडला इमिग्रेशनच्या अधिकाऱ्याला.

निघायच्या आधी मी अंगणात जाऊन तिला पत्र दाखवलं. तिनं हात पुसले आणि उभ्या उभ्या सावकाश वाचलं. मग खाली बघत म्हणाली, "ताई, एवढं लिहायचं का? दिवस वगैरे?"

"तुला इथल्या पद्धती कळत नाहीत," मी म्हटलं. "या लोकांना डीटेल लागतो."

पोळी करपायला आली होती म्हणून ती वळली. तिची ती दोन वाक्यं मी गेली कित्येक वर्षं परत परत ऐकते आहे. तिला कळलं होतं. शंभर टक्के कळलं होतं. पण समोर ताई होती, बँकेत नोकरी असलेली, ग्लेन वेव्हर्लीत घर असलेली, आणि ताई म्हणत होती की तुला कळत नाही.

उत्तर आलं ते अतिशय सभ्य होतं. कॉलेज बंद पडण्यात तिचा काही दोष नाही, हे त्यांनी पहिल्याच परिच्छेदात मान्य केलं होतं. नव्या कॉलेजचं पत्र पुरेसं आहे, असंही होतं. पुढे लिहिलं होतं की अर्जदारानं स्वतःच जोडलेल्या एका पत्रावरून मात्र वेगळा प्रश्न उभा राहतो. खाली आमची वाक्यं एकाखाली एक उतरवलेली. प्रत्येकापुढे अंदाजे तास. त्यात बेकरीचे वीस मिळवलेले. मोबदल्याचं माझं वाक्य अवतरणचिन्हांत, कारण त्यामुळे ती मदत न राहता काम ठरत होती. शेवटी, वीस तासांचा नियम मोडला म्हणून व्हिसा रद्द. चुकांचा असा तक्ता मी रोज करायचे. इतका नीट तक्ता मला क्वचित जमला असेल.

वकिलाकडे तिला मीच घेऊन गेले. त्यानं आमचं पत्र वाचलं, चष्मा काढला आणि विचारलं, "हे तुमच्या बाजूनं लिहिलंय की विरुद्ध?" अपील करता येईल, पण कामाचा नियम मोडला असं एकदा ठरलं की फारसं काही हातात राहत नाही, असं तो म्हणाला. ती माझ्याकडे न बघता त्याला थँक यू म्हणाली.

मी ग्रुपात सगळ्यांना फोन केले. वाटलं होतं, चौदा जण मिळून जाऊ, सांगू की चूक आमची, आम्हीच राबवलं तिला. डॉक्टरांनी मध्ये न तोडता सगळं ऐकून घेतलं. माझ्या मनात आलं, माणूस हलला.

"पत्र तू ड्राफ्ट केलंस ना?" ते म्हणाले. "म्हणजे, आमच्या आई-बाबांची फाइल इमिग्रेशनकडेच आहे सध्या. सही मागे घेता येते का बघ ना."

वहिनी मागून म्हणाल्या, "तिनं सांगायला नको होतं का की वीस तास झालेत म्हणून?" पॉइंट कुकच्या इंजिनिअरनं, रूल्स आर रूल्स, एवढंच सांगून फोन ठेवला. त्या पुढच्या जेवणाला देश चालवायचं काम नेहमीप्रमाणे झालं. अमेरिकेच्या भिंतीला काय उंची हवी यावर चर्चा झाली. पुरणपोळ्या दुकानातून फ्रोझन आणल्या होत्या, त्या चिवट निघाल्या, तेव्हा मात्र एकीनं उसासा टाकून तिची आठवण काढली. त्या जेवणालाही मी गेले होते. कोशिंबीर वाढली.

घरी येताना गाडीत मी तणतणत होते. कसले हे लोक, कसली यांची मनं, वगैरे. मागच्या सीटवर माझी मुलगी होती, तेव्हा इयर टेनमध्ये. तिनं कानातून इयरफोन काढला.

"मम, दे डिडन्ट डॉब हर इन," ती म्हणाली. "यू डिड. इन रायटिंग."

नवरा समोर बघून गाडी चालवत राहिला.

ती गेली तेव्हा विमानतळावर मीच सोडलं. बॅगेत लोखंडी कढई होती, मी दिलेली. वजन जास्त भरतंय म्हणून काउंटरवर ती काढून माझ्या हातात देताना एवढंच म्हणाली, "राहू द्या ताई. जळगावला खापर आहे." मी माफी मागायचं ठरवून गेले होते. मागितली नाही. पार्किंगची वेळ संपत आली होती, असं मी स्वतःला सांगितलं.

दोनेक महिन्यांनी एका रविवारी दुपारी फोन आला. आवाज अनोळखी, वयस्कर, फार अदबीचा.

"नमस्कार मॅडम. मी जळगावहून बोलतोय, तुमच्या तिकडे होती त्या मुलीचे वडील. तुमचे आभार मानायचे राहून गेले होते."

मी खुर्चीत बसले.

"तुम्ही लोकांनी आमच्या पोरीसाठी जे पत्र दिलं ना, ते तिच्या बॅगेत मिळालं. ती म्हणाली, तिकडे नियम बदलले म्हणून परत यावं लागलं. आता सरकारपुढे तुमचं तरी काय चालणार? पण मला इंग्रजी येत नाही, तर शाळेतल्या सरांकडून वाचून घेतलं सगळं. सकाळपासून संध्याकाळपर्यंत राबते, असं लिहिलंय तुम्ही. चौदा मोठ्या माणसांच्या सह्या. फ्रेम करून पुढच्या खोलीत लावलंय. आल्यागेल्याला दाखवतो."

"आभार कसले," मी म्हणाले.

"एक विनंती होती," ते म्हणाले. "नाशिकच्या एका कॉलेजात तिला हॉटेलच्या कोर्सला पुढचं ॲडमिशन मिळतंय. तिथे असंच एक पत्र मिळालं असतं तर. तुमच्याच हातचं. सरांनी सांगितलं, भाषा फार छान आहे म्हणे."

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते? लॅपटॉप उघडला. कष्टाळू आहे, एवढं लिहिलं आणि पुसून टाकलं. कॉलेजसाठी पत्र लिहायचं तर ती शिकायला कशी होती हे लिहायला हवं. कुठली टर्म कशी गेली, कुठल्या विषयात किती मार्क. दोन वर्षं ती दर गुरुवारी आणि शनिवारी माझ्या घरात होती आणि मला तिचा एकही मार्क माहीत नव्हता. ग्रुपातल्या सगळ्या नवऱ्यांचे व्हिसाचे पॉइंट्स मात्र मी आजही झोपेत सांगेन.

शेवटी तिलाच फोन लावला आणि विचारलं.

"बेकिंगमध्ये पहिली आले होते, ताई," ती म्हणाली. "कॉलेज बंद पडायच्या आधीच्या आठवड्यात रिझल्ट लागला होता. तुमच्याकडेच होते त्या दिवशी."